झॅन्थोफ्रायनी: कोयनेचा आणि आंबोलीचा भेक

झॅन्थोफ्रायनी हा भेकांचा, म्हणजे खरबरीत कातडीच्या बेडकांचा, एक छोटासा वंश, सह्याद्री सोडून जगात कुठेच सापडत नाही आणि यात प्रजाती दोनच, कोयना भेक आणि आंबोली भेक. कुळ ब्यूफोनिडी, म्हणजे आपल्या बडोद्यात पाऊस सुरू झाला की ओट्यावरच्या दिव्याखाली किडे टिपत बसतो ना तो खरबरीत जाडा भेक, त्याचंच कुळ. पण हे दोघे तीन सेंटिमीटरच्या आसपासचे, त्यामुळे बरेच जण बघून म्हणतात की पिल्लू असेल, तर पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला नर असतो तो.

वर्गीकरणाची गोष्ट थोडी लांब आहे. कोयनेचा भेक सोमण यांनी 1963 मध्ये साताऱ्यातल्या कोयना भागातून नोंदवला आणि नाव दिलं ब्यूफो कोयनायेन्सिस. तेव्हा भेक दिसला की ब्यूफो, अशीच पद्धत होती, जगभरातले शेकडो भेक त्या एकाच वंशात कोंबलेले. 2006 मध्ये उभयचरांच्या वर्गीकरणाची मोठी उलथापालथ झाली तेव्हा हा वंश फुटला आणि आपला अंगणातला भेक दत्ताफ्रायनस झाला, सुशीलकुमार दत्ता या भारतीय अभ्यासकांच्या नावावरून. कोयनेवाल्याचं काय करायचं ते 2009 मध्ये ठरलं. एस. डी. बिजू, इनेस व्हॅन बॉक्सलार, वरद गिरी, सायमन लोडर आणि फ्रँकी बॉसाइत यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून दाखवलं की ही शाखाच वेगळी आहे, म्हणून झॅन्थोफ्रायनी हा नवा वंश केला आणि त्याच पेपरमध्ये आंबोलीचा भेक नवी प्रजाती म्हणून टायगेरिना या नावाने मांडला. दोघांच्याही तपकिरी अंगावर कुशीला पिवळे ठिपके असतात, आंबोलीवाल्यात ते एकमेकांत मिसळून आडवे पट्टे होतात, वाघासारखे, त्यावरूनच ते नाव.

आता कोणी म्हणेल नावं बदलून काय फरक पडतो, तर खूप पडतो. कोयना आणि आंबोली यांच्यात सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडचे भेक एकच मानले असते तर एकीकडचे संपले तरी प्रजाती टिकली असं कागदावर म्हणता आलं असतं. दोन वेगळ्या प्रजाती आहेत हे कळल्यावर ती सोय राहत नाही, प्रत्येकीला आपापल्या तुकड्यावरच जगायचंय. म्हणून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत कोयना भेक संकटग्रस्त आणि आंबोली भेक त्याहून वरच्या, अतिसंकटग्रस्त गटात टाकला गेला.

प्रसार एवढा कमी का हे त्यांच्या प्रजननावरून बरंचसं कळतं. जंगलाच्या कडेचे जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ, ही यांची जागा. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की खडकावरच्या उथळ खळग्यांमध्ये पाणी साचतं, नर तिथे बसून ओरडतात आणि मादी त्या एवढ्याशा पाण्यात मोजकीच अंडी घालते. पाऊस चार दिवस थांबला की खळगा आटतो आणि अंडी गेलीच समजा. अंगणातल्या भेकाचं उलट आहे, तो तळं, डबकं, गटार काहीही चालवून घेतो आणि हजारो अंड्यांच्या लांब माळा सोडतो, म्हणून तो बडोद्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलाय. आंबोलीत वर्षाला सातेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बडोद्यात हजाराच्या आतबाहेर, तेव्हा विश्वामित्रीच्या काठी किंवा कमाटीबागेत झॅन्थोफ्रायनी शोधण्यात अर्थ नाही. डांगमध्ये, म्हणजे सापुताऱ्याच्या बाजूला, सह्याद्रीचं उत्तर टोक गुजरातेत येतं खरं पण तिथूनही या वंशाची नोंद नाही. तिकडून कोणी छोट्या भेकाचा फोटो पाठवला तर तो नेहमीच्या भेकांपैकीच कुणाचं तरी पिल्लू असण्याची शक्यता जास्त.

बडोद्याची बरीच मराठी मंडळी सावंतवाडीकडे गावी जाताना पावसाळ्यात आंबोलीला थांबतात, तिथे झाडावरचा मोठा हिरवा मलबारी उडता बेडूक लगेच दिसतो आणि सगळे त्याचेच फोटो काढतात, पायाखालचा भेक कोणी बघत नाही. रात्री घाटरस्त्यावर गाड्यांखाली बेडूक आणि भेक मरतात, सड्यावर गाड्या घातल्या की खळगेच मोडतात, मातीने भरतात. कृपा करून सड्यावर गाडी नेऊ नका, चालतानाही साचलेल्या पाण्यात पाय टाकू नका.

संरक्षणाच्या बाबतीत दोघांची परिस्थिती सारखी नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यात महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत, त्यामुळे कोयना भेकाच्या बऱ्याच जागा त्यात आल्या. आंबोली मात्र त्या वारसा यादीत नाही.