डायनॅमो गेला, दिवा राहिला

साताऱ्यात जुन्या गाडीचे चार्जिंग थांबले की निदान ठरलेले: ‘डायनॅमो गेला.’ बॉनेटखाली त्याच्या जागी आलेला अल्टरनेटर (तेही गाडीची वीज बनवणारेच यंत्र) असला तरी. नाव जुनेच चालले म्हणून बिघडत नाही, पण त्यासोबत डॅशबोर्डवरच्या तांबड्या दिव्याबद्दलची समजूतही जुनीच राहिली: चार्जिंग होते की नाही, एवढेच तो सांगतो.

जुन्या अँबेसिडर-फियाटच्या जमान्यातले डायनॅमो साधारण 20-22 अँपिअरचे, तेही इंजिन चांगले फिरले तर. खंबाटकीत रात्री ट्रकमागे रांगताना हेडलाइट पिवळे पडायचे. तेव्हा दिवा नुसता साक्षीदार होता. बल्ब उडाला तरी चार्जिंग चालू राही, कारण लोखंडात उरलेले चुंबकत्व डायनॅमोला जागे करायला पुरे.

करंट एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉन डायोड आले आणि 1960 च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत अल्टरनेटर दिसू लागला. आपल्याकडे सामान्य कुटुंबाच्या गाडीत तो आला मारुती 800 मुळे, म्हणजे 1983 नंतर.

अल्टरनेटरच्या रोटरमध्येही (आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकात) थोडे चुंबकत्व उरते, पण आयडलिंगला त्यातून मिळणारे व्होल्टेज डायोड उघडायलाच कमी पडते. म्हणून पहिला करंट बाहेरून द्यावा लागतो. तो दिव्यातून द्यायचा, असे ठरले. चावीतून बल्ब, बल्बातून अल्टरनेटरचे छोटे टर्मिनल (कुठे ‘एल’, कुठे ‘डी प्लस’, कुठे ‘इंड’), पुढे रोटर. 12 व्होल्ट, 2.2 वॉटच्या बल्बातून जातो जेमतेम 0.18 अँपिअर, तेवढ्यावर यंत्र जागे होते. मग आतले छोटे डायोड त्याच टर्मिनलवर 14 च्या आसपास व्होल्ट आणतात, बल्बच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि दिवा विझतो.

युक्ती झकास, पण मला ही काटकसर कधी पटली नाही. इशारा देणारा आणि काम सुरू करून देणारा एकच बल्ब. तो उडाला की दोन्ही एकदम जातात. पुढे काही गाड्यांत, बल्ब उडाला तरी करंट जावा म्हणून, बल्बला समांतर रेझिस्टर आला. चूक कबूल केली, फक्त तोंडाने नाही.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेल्या आमच्या पद्मिनीत (डायनॅमोच्या वेळची कटआउटची पेटी अजून शोभेला आहे) मी हौसेने डॅशबोर्डच्या बल्बांऐवजी एलईडी लावले. दिवा आयडलिंगला पेटलेलाच, रेस दिली की विझायचा. एका गॅरेजात अल्टरनेटरचे कार्बन (ब्रश) बदलून झाले, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर झाला. शेवटी डब्यातला जुना बल्ब खोचला, आणि पहिल्याच सेल्फला दिवा गेला. एलईडीतून रोटरपर्यंत पोचत होते ते काही मिलिअँपिअर.

मुळात ‘चार्जिंगचा दिवा’ हे नावच फसवे. तो बॅटरीकडे बघतच नाही. बघतो दोन टोकांतला फरक. अल्टरनेटरची जाड वायर तुटली, तर आतले डायोड आपले काम करत राहतात आणि दिवा दिवसाउजेडी दिसणारही नाही इतका मंद होतो. ‘‘दिवा इजला न्हवं? मग चार्जिंग हाय की,’’ अशाच एका वेळी मिस्त्री म्हणाले होते. बॅटरीवर व्होल्टमीटर लावला तर इंजिन चालू असताना 12.1 व्होल्ट, म्हणजे चार्जिंग नाहीच. जाड वायरचा लग (टोकाची धातूची कडी) हिरवा पडून आतून सुटला होता.