झोप लागते का, हे विचारूच नका!

‘आता या वयात असंच चालायचं.’ झोप नाही, भूक मेली, अंगात त्राण नाही, अशी तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या आजींना हे हमखास ऐकावं लागतं. साखर आणि बीपी तपासलं जातं, टॉनिक मिळतं. घरी फार तर कुणी दृष्ट काढतं. मीठ-मोहरी तेवढी वाया जाते. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही. तो आजार आहे, आणि साठीनंतरही उपचारांनी बरा होऊ शकतो.

अडचण आहे ती तो ओळखण्याची. पीएचक्यू-९ या जगभर चालणाऱ्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त झाली की पुढची तपासणी करायची. आता गुडघेदुखी आणि मधुमेह असलेले एखादे आजोबा घ्या. झोपेचे ३, थकव्याचे ३, भुकेचे ३, हालचाली मंदावल्याचे ३. झाले की १२! मनाचा एकही प्रश्न न विचारता आजोबा नैराश्याच्या यादीत.

यावरचा उपाय मला फार आवडतो. मानसोपचारतज्ज्ञ जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खास ज्येष्ठांसाठी प्रश्नावली बनवायला घेतली, ती जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केल. आधी १०० प्रश्न जमवले. मग प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकूण गुणांबरोबर किती वर-खाली होतं ते मोजलं आणि सर्वात घट्ट संबंध असलेले ३० ठेवले. झोप आणि भूक या चाळणीतून गळून पडली. कारण उघड आहे: रात्री चारदा लघवीला उठणारा माणूस उदास असो वा आनंदी, झोप मोडल्याचंच सांगणार. शिवाय गणितही आडवं येतं. उत्तरांत किती फरक पडतो, हे ‘हो’ आणि ‘नाही’च्या प्रमाणांच्या गुणाकारावरून कळतं. निम्मे ‘हो’ आणि निम्मे ‘नाही’ म्हणाले तर तो ०.५ × ०.५, म्हणजे ०.२५. शंभरातले नव्वद ‘हो’ म्हणाले तर ०.९ × ०.१, फक्त ०.०९. माणसांमाणसांत फरक करायला प्रश्नाकडे भांडवलच उरत नाही.

उरले ते ‘आयुष्य रिकामं वाटतं का?’, ‘कंटाळा येतो का?’ असे प्रश्न. उत्तर फक्त हो किंवा नाही. १९८६ साली १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. तिच्यातही ‘बाहेर पडण्यापेक्षा घरीच बरं वाटतं का?’ हा प्रश्न आहेच. ऐन श्रावणात, चिखलाच्या वाटेवर राहणाऱ्या आजीला तो विचारून बघा! म्हणून गुण म्हणजे निदान नव्हे. ते डॉक्टरांनी समोर बसून, बोलूनच करायचं. आवाज ऐकून नैराश्य सांगणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिरातींबद्दल तर न बोललेलंच बरं.

आपल्या आशाताई लोकांच्या आजारांचा धोका तपासायला जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात पीएचक्यूचे पहिले दोनच प्रश्न घेतलेत: कशात रस वाटत नाही का, आणि मन खिन्न असतं का. दोन्ही मनाचे. निवड चांगली आहे, फक्त ते रकाना भरण्यापुरते विचारले जाऊ नयेत.

अर्थात, शोधून पुढे काही करायचं नसेल तर हा सगळा खटाटोप फुकट. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या साठीपुढच्या १८१ जणांवर एक प्रयोग झाला. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यांना सौम्य लक्षणं होती, नैराश्य अजून नव्हतं. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी अडचणी सोडवायला शिकवलं, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी समजावली, सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात नेहमीच्या सेवेतल्या ९० पैकी १३ जणांना नैराश्य आलं, समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी फक्त ४ जणांना. आणि गंमत म्हणजे, प्रश्नावलीतून हाकललेली झोप इथे उपचारात मानाने परत आली: ती सुधारण्याचे धडे या समुपदेशनाचाच भाग होते.