नाना फडणवीस वाडा, मेणवली

सातारा जिल्ह्यात वाईपासून सुमारे ३ किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी उभा असलेला पेशवेकालीन वाडा. पेशव्यांचे फडणीस (हिशेब-दफ्तराचे प्रमुख) बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१७४२–१८००) यांनी तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. मेणवली गाव त्यांना औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून मिळाले. नानांचा जन्मही साताऱ्याचाच, त्यामुळे हा मुलूख त्यांना परका नव्हता.

वाडा सहा चौकांचा आहे. भोवती तटासारखी उंच भिंत, आत दगडी जोती, विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया. काही भिंतींवर रंगीत चित्रे आहेत. त्यांतली बरीच पुसट झाली असली, तरी जी उरली आहेत ती थांबून पाहावीत अशी आहेत. मागच्या अंगाला नदीकडे उतरणारा घाट आहे. चंद्रकोरीसारखा वळलेला हा घाट आणि त्यावरचे मेणेश्वर व विष्णू यांची देवळे ही वाड्याचीच पुढची अंगे मानावीत, कारण घर, देव आणि पाणी एकाच आखणीत बसवलेले दिसतात. मेणेश्वराजवळ लहानशा दगडी घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधून ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकी ही एक. भीमाशंकरच्या देवळातली घंटाही त्याच मोहिमेतली मानली जाते.

वाडा नानांच्या नावाने ओळखला जातो. पण नानांना इथे स्वस्थपणे राहता आले ते थोडेच. १७७४ नंतर बारभाईंचा (मुत्सद्द्यांच्या मंडळाचा) कारभार, इंग्रजांशी झालेला सालबाईचा तह, निजाम आणि टिपूशी चाललेले राजकारण या सगळ्यात त्यांचे आयुष्य पुण्यात गेले. सवाई माधवराव पेशवे १७९५ मध्ये गेल्यानंतर वारसाचा तंटा पेटला, तेव्हा १७९६ मध्ये नाना पुणे सोडून वाईला आले खरे, पण इथेही पकडले जाण्याची धास्ती वाटताच सह्याद्री उतरून कोकणात महाडकडे गेले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना कैद केले, पुढच्या वर्षी ते सुटले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले.

खऱ्या अर्थाने हे घर जिऊबाईचे. नाना गेले तेव्हा त्यांची ही शेवटची पत्नी जेमतेम नऊ वर्षांची होती. पेशवा दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर होता. नानांचा विश्वासू धोंडोपंत लोहगडाचा किल्लेदार होता, त्याच्या आसऱ्याने जिऊबाई त्या गडावर राहिली. पुढे इंग्रज सेनापती जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने गड सोडण्याचे ठरले, तिला इंग्रजांचे संरक्षण आणि वर्षाला १२,००० रुपयांचा तनखा मिळाला. मेणवलीचा वाडाही तिच्याकडे आला. दत्तक घेऊन तिने घराणे पुढे चालवले. पेशवाई बुडाली, साताऱ्याचे राज्यही १८४८ मध्ये खालसा झाले, तरी या वाड्यात दिवा लागत राहिला तो तिच्यामुळे. इतिहासात तिचा उल्लेख बहुधा ‘नानांची विधवा’ एवढ्यावर आटोपतो. ते अपुरे आहे.

तिने आणि तिच्या वारसांनी घरासोबत आणखी एक ठेवा राखला, तो म्हणजे नानांचे खासगी दफ्तर. हिशेब, पत्रे, बातम्यांचे कागद मोडीत लिहून रुमालांत बांधलेले होते. ‘मेणवली दफ्तर’ या नावाने ते अभ्यासकांना माहीत आहे. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते हाती घेतले आणि त्यातील बराच मजकूर उजेडात आणला. त्यांनी साताऱ्यात उभारलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, त्याबरोबर हे दफ्तरही गेले. पेशवाईच्या उत्तरार्धावर लिहिणाऱ्याला या कागदांशिवाय पुढे जाता येत नाही.

वाडा आजही खासगी मालकीचा असून पाहायला मिळतो. घाटावर आणि वाड्यात अनेक हिंदी-मराठी चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे, त्यामुळे येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. बहुतेक जण घाटावर फोटो काढून परततात. चौकांतून शांतपणे फिरायचे तर सकाळी लवकर जावे.