टॅक्स पावतीत पावसाचा रकाना का नाही?

विदर्भातल्या एखाद्या लहान नगर परिषदेची टॅक्स पावती हातात घ्या. मालमत्ता कर, शिक्षण कर, वृक्ष कर असे रकाने दिसतील. दुकान असेल तर रोजगार हमी करही. तो घराला लागत नाही, फक्त अनिवासी वापराला लागतो. पावसाचं पाणी वाहून नेण्याचा रकाना मात्र नसतो. नाल्या तर आहेत, पावसाळ्याआधी उपसल्याही जातात. मग पैसा येतो कुठून?

बराच काळ तो जकातीतून यायचा. 1922 च्या सी. पी. अँड बेरार म्युनिसिपालिटी कायद्याच्या काळापासून कापूस, कापड, किराणा नाक्यावरून गावात शिरला की पालिकेचा गल्ला भरायचा. 1965 साली राज्यातल्या नगर परिषदांसाठी एकच कायदा आला. त्यात नालीसाठी वेगळा कर बसवायची मुभा होती, पण नाक्यावर पैसा जमत असताना हा वाईटपणा कोण घेणार? 1999 मध्ये नगर परिषदांची जकात गेली. बदल्यात सरकारी अनुदान आलं, ते बरंचसं पगारात जिरतं. हाताशी उरला मालमत्ता कर. 2014 नंतर राळेगाव, मारेगाव, बाभूळगावसारख्या तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायतीच्या नगर पंचायती झाल्या आणि तिथले दुकानदारही याच चौकटीत आले.

याच सुमारास सिमेंटचे रस्ते आले. जुन्या रस्त्यावर नवा थर पडत गेला, रस्ता वर चढला आणि दुकानाचा उंबरठा खाली राहिला. काळी माती एकदा फुगली की पाणी मुरवत नाही. त्यात कडेची मुरमाची पट्टीही सिमेंटखाली गेली. कृषी केंद्रवाल्याचा धंदा जून-जुलैचा, आणि नेमकी तेव्हाच खताच्या थप्पीची खालची रांग भिजते. भिजून दगड झालेला युरिया कोण घेतो? म्हणून तो पोत्यांखाली फळ्या टाकतो, उंबरठ्यावर विटांचा बांध घालतो. गिऱ्हाईक आत यावं म्हणून नालीवर स्वखर्चाने स्लॅबही टाकतो. त्याखालचा गाळ निघत नाही, नाली तुंबते. मग पालिका स्लॅब फोडते आणि तो पुन्हा टाकतो. माझ्या मते पावसाची खरी पट्टी हीच आहे, फक्त तिची पावती मिळत नाही.

केंद्राच्या 2015 च्या अमृत योजनेत पर्जन्यवाहिन्यांची तरतूद होती, पण ती मुख्यत्वे लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. तालुक्याची गावं बाहेरच राहिली.

अमेरिकेत वेगळी वाट निघाली. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहराने 1974 मध्येच पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र शुल्क सुरू केलं. फिलाडेल्फियात आधी हे शुल्क पाण्याच्या मीटरवर बेतलेलं होतं, म्हणजे मीटर नसलेला मोठा पार्किंगचा पट्टा जवळपास फुकटात सुटायचा. 2010 पासून तिथे छत आणि फरसबंदीचं क्षेत्र मोजायला लागले, तेव्हा गोदामवाल्यांची बिलं चढली. मेरीलँड राज्यात असं शुल्क सक्तीचं करणाऱ्या 2012 च्या कायद्याला विरोधकांनी ‘पावसावरचा टॅक्स’ म्हणून हिणवलं. 2015 मध्ये त्यातली सक्ती काढावी लागली.

आपल्याकडे अशी आकारणी आली तर लहान दुकानदारच मरणार, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आज भाड्याच्या अंदाजावर कर ठरतो, त्यामुळे मेनरोडवरच्या दहा बाय बाराच्या गाळ्याला तो चढा पडतो. गावाबाहेरच्या जिनिंगचं (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं) पत्र्याचं छत किंवा मंगल कार्यालयाचं फरशीचं आवार कितीतरी जास्त पाणी रस्त्यावर सोडतं, पण ते हिशेबात येत नाही. क्षेत्र मोजलं तर किराणावाल्याच्या वाट्याला थोडंच येईल. त्याला पार्किंग कुठे आहे, रस्ता हेच त्याचं पार्किंग! धोका आहे तो ‘प्रति दुकान इतके’ अशा सरसकट दराचा. आणि वसुली सोपी म्हणून पालिकेला तोच आवडेल.

नवा रकाना आला तर तो बहुधा चतुर्वार्षिक कर आकारणीच्या वेळी येईल. तेव्हा आक्षेप मागवले जातात, यादी नोटीस बोर्डावर लागते. ती पाहायला व्यापारी संघटनेचं कुणी जातं का, हे आपापल्या गावात विचारून पाहा.