जागतिक तायक्वांदो स्पर्धेत खेळायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा खरा रस्ता

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जागतिक तायक्वांदो अजिंक्यपद स्पर्धेचा फॉर्म खेळाडूला स्वतः भरता येत नाही. क्लबला नाही, जिल्हा संघटनेलाही नाही. नाव जातं ते देशाच्या राष्ट्रीय संघटनेकडून. म्हणजे वर्ल्ड तायक्वांदो या सोलमधल्या जागतिक संघटनेची जी सदस्य आहे, तिच्याकडूनच. आपल्याकडे एकाच खेळाच्या दोन-दोन, तीन-तीन संघटना असतात आणि सगळ्याच स्वतःला 'राष्ट्रीय' म्हणवतात. त्यामुळे मुलाचं नाव कुठे नोंदवायचं हे ठरवण्याआधी वर्ल्ड तायक्वांदोच्या संकेतस्थळावर सदस्य देशांची यादी उघडा आणि भारतासमोर कोणाचं नाव आहे ते स्वतः वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे चार-चार वर्षं चुकीच्या रांगेत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

ही स्पर्धा 1973 मध्ये सोलला सुरू झाली, तेव्हा फक्त पुरुषांसाठी होती. महिलांचे गट 1987 पासून आले. आज दोघांचेही आठ-आठ वजनगट आहेत आणि एका देशाला एका गटात एकच खेळाडू उतरवता येतो. म्हणजे संपूर्ण भारतातून जास्तीत जास्त आठ मुलगे आणि आठ मुली. त्यासाठी जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा आणि मग निवड चाचणी ही वाट चालावीच लागते.

ओपन स्पर्धा मात्र वेगळ्या. फुजैरा ओपन, डच ओपन, यूएस ओपन अशा स्पर्धांमध्ये एका देशाचे एका गटात एकापेक्षा जास्त खेळाडू खेळू शकतात आणि तिथे क्लबच्या पातळीवरून जाण्याची वाट असते. राष्ट्रीय संघटनेची मान्यता तिथेही लागते. या स्पर्धांना जी-1, जी-2 असे दर्जे असतात आणि त्यानुसार जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात. जी-1 मधल्या सुवर्णपदकाला 10 गुण. माझं मत विचाराल तर पहिला परदेशी अनुभव ओपनमध्येच घ्यावा.

वयाचा नियम सोपा आहे. स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करायचं आणि उत्तर 17 किंवा जास्त आलं की सीनियर गट. तारीख, महिना पाहिला जात नाही. 2026 च्या स्पर्धेसाठी 31 डिसेंबर 2009 पर्यंत जन्मलेला कोणीही चालतो. 15 ते 17 ज्युनियर आणि 12 ते 14 कॅडेट, त्यांच्या स्पर्धा स्वतंत्र होतात.

पुरुषांचे गट 54, 58, 63, 68, 74, 80, 87 किलोखालचे आणि 87 च्या वरचा. महिलांचे 46, 49, 53, 57, 62, 67, 73 खालचे आणि 73 च्या वरचा. ऑलिंपिकमध्ये हेच गट चारवर येतात, म्हणून मुलीला 53 मध्ये तयार करायचं की 49 मध्ये, याचा विचार लवकर करावा लागतो. वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेतात. पहिल्यांदा जास्त भरलं तर ठरलेल्या वेळेत आणखी एकच संधी मिळते. त्यातून सुटलो म्हणून रात्री वाट्टेल ते खाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी काही खेळाडूंचं अचानक पुन्हा वजन होतं आणि तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा 5 टक्क्यांहून जास्त भरलं की खेळाडू बाद. 58 च्या मुलासाठी ती रेषा 60.9 किलोवर येते.

आता कागदपत्रं. लोक सरावाला वर्षं देतात आणि कागदांना शेवटचे पंधरा दिवस. मुख्य कागद तीन आहेत: पासपोर्ट, कुक्कीवॉन या सोलमधल्या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेचं डॅन (म्हणजे ब्लॅक बेल्टचं) प्रमाणपत्र आणि ग्लोबल ॲथलीट लायसन्स. या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी.

इथे आपल्या मराठी नावांचा घोळ होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात बसतं, आडनाव वेगळ्या. आणि ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचा फॉर्म भरताना क्लबमध्ये कोणीतरी घाईत नुसतं नाव-आडनाव लिहून टाकतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आडनावात डॅन प्रमाणपत्रावर इंग्रजीतला एक 'ए' जास्त पडला होता. दुरुस्तीचे कागद कोरियाला जाऊन परत येईपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. ती मुलगी त्या वर्षी तिच्या गटात राज्यात पहिली होती. तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून आता माझ्याकडे ब्लॅक बेल्टचा फॉर्म भरण्याआधी पासपोर्ट मागतो. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा, मग परीक्षा. लग्नानंतर नाव बदलणार असलेल्या मुलींनीही हे घरात बोलून ठेवावं. नाव बदलायचं तर तिन्ही ठिकाणी, नाहीतर खेळत असेपर्यंत जुनंच ठेवा.

डॅन प्रमाणपत्राबद्दल आणखी एक. भिंतीवर फ्रेम करून लावलेला प्रत्येक ब्लॅक बेल्ट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही. राज्य किंवा राष्ट्रीय संघटनेनं दिलेला कागद वेगळा आणि सोलच्या कुक्कीवॉननं दिलेला वेगळा. 15 वर्षांखालच्या मुलांना 'पूम' मिळतो, 15 पूर्ण झाल्यावर 'डॅन'. प्रमाणपत्राचा क्रमांक कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. नोंद दिसली नाही तर प्रशिक्षकाला लगेच विचारा, संकोच करू नका. परीक्षेची फी तुम्ही भरलेली आहे.

ग्लोबल ॲथलीट लायसन्स हे वर्ल्ड तायक्वांदोचं ऑनलाइन ओळखपत्र. त्याची मागणी नोंदवायची, पासपोर्टची प्रत, फोटो आणि डॅन प्रमाणपत्र जोडायचं, फी भरायची आणि राष्ट्रीय संघटनेनं मंजुरी दिली की ते चालू होतं. त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून नूतनीकरण विसरू नका. लायसन्स चालू नसेल तर प्रवेश यादीत नावच टाकता येत नाही.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा. 18 खालच्यांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षं किंवा 18 पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढाच चालतो. नेमका सीनियरमध्ये खेळायला लागायच्या वेळी तो संपतो! पंधरा वर्षं पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा पर्याय घेता येतो, तो घ्या. अल्पवयीन मुलांसाठी आई-वडील दोघांची लेखी संमती लागते, स्पर्धेसाठीही आणि व्हिसासाठीही.

प्रत्येक स्पर्धेचं एक माहितीपत्रक निघतं, त्याला 'आउटलाइन' म्हणतात. फी, मुदत, हॉटेलची अट, व्हिसाच्या निमंत्रणपत्राची पद्धत हे सगळं त्यात असतं. ते स्वतः वाचा, इंग्रजी जड जात असेल तर शाळेतल्या शिक्षकांकडून समजून घ्या. युरोपातली स्पर्धा असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आउटलाइनमध्येच इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड कोणत्या कंपनीचा हेही लिहिलेलं असतं. दाएदोचे सेन्सर मोजे केपीएनपीच्या गार्डवर चालत नाहीत. मोजे स्वतःचे न्यायचे असतात, तेव्हा ही ओळ सोडू नका.

औषधांचं मी प्रत्येक पालकाला घरी जाऊन सांगतो. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, सांध्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, दम्याच्या पंपाचा जास्त डोस, यातलं काहीही डोपिंगमध्ये अडकवू शकतं. बंदी असलेल्या द्रव्यांची यादी दर 1 जानेवारीला नव्यानं लागू होते. औषध खरंच गरजेचं असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या निदान 30 दिवस आधी करावा लागतो. दुकानातल्या डब्यातली पावडर आणि नाव नसलेला काढा, दोन्ही बंद.

परत आल्यावर प्रमाणपत्र, निकालाचं पत्रक, प्रवेश यादी आणि पासपोर्टवरचे शिक्के यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, तीही नोकरीचा अर्ज भरण्याआधी. पैसे भरले की कोणालाही 'आंतरराष्ट्रीय' खेळवणाऱ्या स्पर्धांची प्रमाणपत्रं याच टेबलावर नाकारली जातात. तेव्हा परदेशी सहलीसारखं आमंत्रण आलं, तर पैसे भरण्याआधी ती स्पर्धा वर्ल्ड तायक्वांदोच्या वार्षिक दिनदर्शिकेत आहे का ते बघा.