वडाचं बोन्साय, बियांपासून

(बियांच्या पुडीसोबत द्यायचं माहितीपत्रक)

पावसाळ्यात वडाची फांदी नुसती खोचली तरी फुटते. पण त्या झाडाचं खोड बराच काळ काठीसारखं दिसतं. बियांपासूनच्या रोपाची मुळं कोवळी असतानाच छाटून चहूबाजूंनी पसरवता येतात, म्हणून बुंधा रुंद होतो. बोन्सायचं वय लोक बुंध्यावरूनच जोखतात. एवढ्यासाठीच बी पेरायची. घाई असेल त्यांनी खुशाल फांदी लावावी.

बी

दाणा खसखशीएवढा असतो. घरी जमवायची असेल तर पिकलेली लाल फळं घ्या. वडाची फळं पानाच्या बेचक्यात, बिनदेठाची आणि बहुधा जोडीनं येतात. खोडावर घोस लटकत असतील तर तो उंबर. फळ पाण्यात कुस्करून रात्रभर ठेवा. तरंगणारे दाणे टाकून द्या, ते बहुतेक पोकळ असतात. फळातल्या काही फुलांत बारीक वडमाशी अंडी घालते, तिथे बी धरतच नाही. तळाशी बसलेले दाणे कागदावर सावलीत सुकवा आणि लवकर पेरा.

पेरणी

मृगाचा पाऊस झाल्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पेरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो, वरचा थर तासाभरात कोरडा पडतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडच्या थंड रात्रींत बी नुसती पडून राहते.

विटांचा चुरा 2 भाग (1 ते 3 मिलिमीटरचा, खालची धूळ चाळून टाकायची), भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1 भाग. या टप्प्यावर खत नको. मिश्रण ट्रेमध्ये भरून त्यावर उकळतं पाणी ओता, निथळून गार होऊ द्या. चिमूटभर बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वर भुरभुरा आणि बोटानं हलकेच दाबा. वरून माती घालू नका. वडाच्या बीला उगवायला उजेड लागतो. विहिरीच्या कठड्यात, भिंतीच्या फटीत पाखरांच्या विष्ठेतून वड उगवतो, तो काही कुणी पुरलेला नसतो.

ट्रे पाण्यात ठेवून खालून पाणी शोषू द्या. झारीनं बी वाहून एका कोपऱ्यात जमते. वर काच किंवा प्लास्टिक झाका, ट्रे उजेडात पण सावलीत ठेवा. झाकलेल्या ट्रेवर दुपारचं ऊन आलं तर बी अक्षरशः शिजते. साधारण 2 ते 4 आठवड्यांत कोंब दिसतात. सहा आठवडे झाल्याशिवाय ट्रे उपडा करू नका.

उगवल्यावर झाकण रोज थोडं जास्त उघडा. कोंब मातीलगत काळे पडून आडवे झाले तर तो मर रोग: ओल जास्त, हवा कमी. मेलेले कोंब उचला, पाणी कमी करा, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) द्या. मुळात दाट पेरलं नाही तर ही वेळ सहसा येत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं

चार-पाच पानं आली की रोप 3 इंची पिशवीत हलवा. सोटमूळ तिसऱ्या हिश्श्यानं कापा आणि बाकीची मुळं पंख्यासारखी पसरून लावा. आता चुऱ्यात चौथा हिस्सा गांडूळखत चालेल. शेतातली काळी माती मात्र घालू नका. पावसात ती चिकटून मुळांची हवा कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते.

वर्षभरानं 10 इंची कुंडीत हलवताना मुळांखाली फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे ती खाली न जाता आडवी पळतात. ठिबकवाल्यांकडे 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत असतंच. लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, फक्त पावसाळ्यात.

इथेच बहुतेक जण चुकतात: हातभर रोप झालं की पसरट बोन्साय कुंडीत घालतात. तिथे वाढ खुंटते आणि पेन्सिलीएवढं खोड पुढे वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. आधी मोठ्या कुंडीत अंगठ्याहून जाड होऊ द्या. मग जून-जुलैत 12 ते 15 सेंटिमीटरवर छाटा. पांढरा चीक ओल्या फडक्यानं टिपा. अंगाला लागला तर खाज सुटते.

पुढे

नव्या फांद्यांना ॲल्युमिनियमची तार 4 ते 6 आठवडेच ठेवा. पावसाळ्यात ती खोडात झपाट्यानं रुतते. पारंब्या हव्या असतील तर हवेत दमटपणा लागतो. आपल्याकडे त्या पावसाळ्यातच दिसतात आणि झळांमध्ये सुकतात. सुटलेली पारंबी उभ्या चिरलेल्या, कोकोपीट भरलेल्या स्ट्रॉमधून मातीपर्यंत न्या.

वडाचं पान मोठं, म्हणून वितभर बोन्साय विजोड दिसतं. दीड-दोन फुटांचंच करा. पान लहान करायला निरोगी झाडाची पानं देठ ठेवून कापतात, पण कुंडी बदलली त्या वर्षी नाही.

मे महिन्यात 50 टक्के शेडनेट आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर साचत असेल तर तो खरवडून काढा आणि पावसाचं पाणी जमेल तेवढं वापरा. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल, साबणाचे दोन थेंब, फवारणी संध्याकाळी.