अरबी समुद्र का खवळू लागला: पार्श्वभूमी

चक्रीवादळ म्हटले की बंगालचा उपसागर, असाच आपल्याकडचा हिशेब होता. उपसागरात चार वादळे झाली तर अरबी समुद्रात एक, हे प्रमाण कित्येक दशके धरून चालले. त्यातलीही बरीचशी ओमान, येमेन किंवा गुजरातकडे वळायची. १८८२ साली मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे दगावली, असे अजूनही छापले जाते, पण त्याला त्या काळातला पुरावाच मिळत नाही. ते वादळ झालेच नव्हते, असे अभ्यासक मानतात. १९४८ च्या नोव्हेंबरमधले मुंबईचे वादळ मात्र खरे.

हा समुद्र शांत राहण्यामागे कारणे होती. वादळ तयार व्हायला पृष्ठभागाचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागते, आणि अरबी समुद्र उपसागराच्या मानाने थंड. भर पावसाळ्यात तर वरच्या आणि खालच्या थरांतले वारे उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे उभे राहू पाहणारे वादळ मध्येच मोडते. म्हणून धोका उरतो तो मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन खिडक्यांत.

पाणी तापत गेले तसे या खिडक्यांतले चित्र पालटले. २००७ मध्ये गोनू, २००९ मध्ये कोकण किनाऱ्यावर फयान, २०१५ मध्ये आठवडाभराच्या अंतराने येमेनकडे गेलेली चपला आणि मेघ. २०१९ मध्ये एकट्या अरबी समुद्रात पाच वादळे झाली. त्यातले क्यार ऐन दिवाळीत महाचक्रीवादळ बनले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये चार दशकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या ५२ टक्क्यांनी, तर अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी वाढलेली दिसली. मुळात आकडे लहान, त्यामुळे टक्केवारी फुगून दिसते, हे खरेच. शिवाय सगळा दोष तापमानाच्या माथी मारता येत नाही: पावसाळ्यापूर्वीची वादळे बळावण्यात दक्षिण आशियातल्या धूर-काजळीचाही हात असल्याचे २०११ च्या एका अभ्यासाने दाखवले होते. काजळीमुळे वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांचा तो विरोध सैलावतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांतल्या पोफळी ओळीच्या ओळी मोडून पडल्या. रोठा सुपारीसाठी नावाजलेला हा पट्टा. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे एका दुपारचे नुकसान बागायतदाराला तितकी वर्षे पुरते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले.

पुढचे अंदाज वरवर उलटसुलट वाटतात. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार जगभरातली एकूण वादळे कदाचित वाढणार नाहीत, कमीही होतील. पण त्यातल्या तीव्र वादळांचा वाटा वाढेल. कोकणाला यात मे आणि ऑक्टोबरची जास्त चिंता. महाराष्ट्रातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे दोन्ही खिडक्यांच्या बऱ्याच दिवसांत नौका समुद्रातच असतात.